लांडग्यांचे नियम, आवृत्ती दोन

तर झालं असं, की दिवाळीला पंढरपूरच्या घरी सलग पाच दिवस राहायला मिळालं, आणि दुसऱ्याच दिवशी ताईनं मुलांचे मोबाईल जप्त केले. कारण नेहमीचंच. फराळाला हाका मारून कुणी येत नव्हतं.

भाची (सहावी) रडकुंडीला आली, कारण तिची पिल्लं 'अर्धवट' राहिली होती. मला आधी कळेना. मग तिनं सांगितलं की ती वुल्फक्वेस्ट नावाचा गेम खेळते. त्यात तुम्ही स्वतः लांडगा असता. शिकार करायची, जोडीदार शोधायचा, बीळ निवडायचं, पिल्लं वाढवायची. मिनेसोटाच्या प्राणीसंग्रहालयानं २००७ मध्ये काढलेला गेम आहे, चांगला आहे. पण मोबाईल कपाटात, कपाटाची किल्ली ताईच्या कनवटीला.

मी म्हटलं, त्यात काय, आपण वहीवर करू. कॉम्प्युटरवरचे असले खेळ आले कुठून? कागद, फासे आणि 'समज मी अमुक आहे' यातूनच. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला तेव्हा त्यात तरी दुसरं काय होतं? मी दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरचे नियम लिहितो, लांडग्यांचे लिहायला कितीसा वेळ लागणार!

(हे वाक्य लक्षात ठेवा.)

शंभर पानी वही घेतली, सापशिडीतले दोन फासे घेतले आणि तासाभरात आवृत्ती १.० तयार. भाचीला सगळ्यात जास्त रस पिल्लांत, म्हणून प्रजननाचं पान मी अगदी मन लावून लिहिलं. नियम असे:

एक. कळपात एक अल्फा नर, एक अल्फा मादी. बाकीचे बीटा, आणि सगळ्यात खाली ओमेगा.
दोन. पिल्लं फक्त अल्फा जोडीलाच.
तीन. वर्षातून दोन वेत. एका वेताला फासा टाकायचा, पडेल तितकी पिल्लं.
चार. ज्याची पिल्लं त्याला गुण. एका पिल्लाला दहा.

खेळायला चौघं. भाची अल्फा मादी, पुतण्या (नववी, दादाचा मुलगा) अल्फा नर, मी बीटा. चौथं कोण? तर आत्या. आत्या म्हणजे माझी आत्या, मुलांची आत्याआजी. सत्तरी ओलांडलीय. शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, याच घरात राहिली. आई नोकरीनिमित्त बार्शीला असताना आम्हा तिघा भावंडांना तिनंच वाढवलं. ती वाती वळत बसली होती. म्हणाली, "मला द्या काहीतरी उरलंसुरलं."

उरला होता ओमेगा.

तीन-चार डाव झाल्यावर आत्यानं विचारलं, "माझी पाळी आली. मी काय करायचं?"

मी वही बघितली. ओमेगाला शिकारीत शेवटी खायला मिळतं, एवढंच मी लिहिलं होतं. पिल्लं नाहीत, म्हणून गुण नाहीत.

"तू... पास म्हण."

"बरं. पास." आणि वाती वळायला लागली. पुढच्या पाळीलाही पास. त्याच्या पुढच्याही.

तोवर दुसरा बग निघाला. वर्षाला दोन वेत, फाशाची सरासरी साडेतीन, मरण कुणालाच नाही. म्हणजे दोन लांडग्यांचे पाच वर्षांत सरासरी सदतीस. पुतण्यानं हिशेब केला आणि म्हणाला, "काका, हे लांडगे आहेत का उंदीर?" तिसरा बग भाचीनं काढला. अल्फा नर म्हातारा होऊन गेला, तर पुढचा अल्फा त्याचाच मुलगा. मग जोडी कुणाची, आई आणि मुलाची? हे विचारताना तिचं तोंड जे झालं, त्यावर तो डाव तिथेच संपला.

रात्री सगळे झोपल्यावर मी गच्चीत मोबाईल घेऊन बसलो. (माझा जप्त नव्हता.) म्हटलं, खरा लांडगा काय करतो ते तरी बघू. आपण ऑफिसात हेच करतो ना, आधी कोड लिहायचा आणि मग रिक्वायरमेंट वाचायची.

पहिला दणका अल्फाचा. ही कल्पना मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाच्या १९४७ च्या निबंधातून आली. त्यानं पाहिलेले लांडगे बासेलच्या प्राणीसंग्रहालयातले, कुंपणात एकत्र ठेवलेले. तिथे मारामाऱ्या, वर-खाली, सगळं होतं. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ही कल्पना घेतली आणि ती जगभर पोचली. मग याच मेकनं १९८६ पासून कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, मोकळे लांडगे उन्हाळ्यामागून उन्हाळे बघितले. १९९९ मध्ये त्यानं लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब. आई, बाप, यंदाची पिल्लं आणि मागच्या एक-दोन वर्षांची मुलं. आईबाप कुणाला हरवून 'अल्फा' झालेले नसतात, त्यांना मुलं झाली म्हणून ते पुढे असतात. पुढे तो स्वतःच आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकांच्या मागे लागला. स्वतःचाच बग स्वतः रिपोर्ट करणारा माणूस! आपल्याकडे असा एक तरी सीनियर हवा.

आणि 'फक्त एकाच जोडीला पिल्लं' हाही काही दगडावरचा नियम नाही. बहुतेकदा तसंच असतं, कारण बाकीचे सगळे त्या जोडीचीच मुलं. पण यलोस्टोनमध्ये ड्रुइड पीक नावाच्या कळपात २००० साली तीन माद्या व्यायल्या. भक्ष्य भरपूर होतं, पिल्लं जगली, आणि २००१ मध्ये तो कळप सदतीसवर गेला. हो, सदतीस! माझा चुकलेला आकडा. मात्र तो इतका मोठा कळप टिकला नाही, फुटला. आपल्याकडे कळप सहा-आठच्या पुढे क्वचितच जातो.

'आपल्याकडे' म्हणताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाचीला यलोस्टोनच्या दऱ्या पाठ आहेत. पण पंढरपूरहून दोनेक तासांवर नान्नज आहे, १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालेलं, आणि तिथे लांडगे आहेत, हे तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही 'आहेत म्हणे' इतकंच माहीत होतं. शास्त्राला या लांडग्याची ओळखच मुळी दख्खननं करून दिली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३१ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि फिकट पायांवरून नाव दिलं. नान्नजच्या परिसरात सतीश कुमार, असद रहमानी, बिलाल हबीब अशा संशोधकांनी वर्षानुवर्षं लांडग्यांच्या मागे काढलीत. आणि आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या घरात बसून अमेरिकेचे नियम लिहीत होतो.

मग वेताचं पान नव्यानं लिहिलं.

कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, लांडगी एकदाच. मी कुत्र्याचा नियम लांडग्याला लावला होता. गर्भाचे दिवस साधारण ६३, ते मात्र कुत्रीइतकेच. उत्तरेकडच्या थंड देशांत पिल्लं वसंतात होतात, आपल्या माळावर ती थंडीत होतात, डिसेंबरच्या आगेमागे. एका वेताला बहुधा चार ते सहा. म्हणून नवा नियम: दोन फासे टाकायचे आणि त्यातला मोठा आकडा धरायचा. सरासरी येते ४.४७. (एवढं गणित तर करणारच ना!) पिल्लांचे डोळे दीडदोन आठवड्यांनी उघडतात. ते आधी निळे असतात, मग पिवळे होतात. भाचीला कायमचा निळ्या डोळ्यांचा लांडगा हवा होता, तिला तो दोन महिन्यांपुरता मिळाला. मादी साधारण दोन वर्षांची झाल्यावरच व्यायची. आणि किती जगतात ते फाशावर नाही, अन्नावर. माळावर काळवीट, ससे, आणि हो, मेंढरं. ज्या महिन्यात शिकार नाही त्या महिन्यात एक पिल्लू कमी.

राहिला नात्यातल्या जोडीचा प्रश्न. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला, आणि तोही दूध घेताना. आमच्याकडे दूध घालणारे गवळीकाका पंढरपुरी म्हशींवाले. ती तलवारीसारखी, खांद्याच्याही मागे जाणारी शिंगं तुम्ही पाहिली असतील. काकांना प्रत्येक म्हशीची आई, आजी आणि कितव्या वेताला किती दूध, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "काका, एकच रेडा किती वर्षं वापरायचा?"

"दोन-तीन वर्सं. मग बदलायचा."

"का?"

"का म्हंजी? त्याचीच रेडी त्याच्याफुडं यील की वो. मग हळूहळू वाण उतरतं. रेडकं बारीक निघत्यात, काही जगत न्हाईत." आणि मग माझ्याकडे बघून, "कम्प्युटरवाल्यांनी म्हस घ्यायचं ठरवलं का काय?"

हीच गोष्ट स्वीडन-नॉर्वेतल्या लांडग्यांवर मोजलेली आहे. तिथली अख्खी वसाहत १९८० च्या दशकात एका जोडीपासून सुरू झाली, १९९१ मध्ये एक परका नर आला, बस्स. नात्याची जवळीक मोजायला एक गुणांक असतो. सख्खी भावंडं किंवा बाप-लेक अशा जोडीच्या पिल्लाला तो ०.२५ येतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की हा आकडा ०.१ नं वाढला की पहिल्या हिवाळ्यापर्यंत जगणारी पिल्लं वेतामागे साधारण १.१५ नं कमी होतात. म्हणजे ०.२५ ला जवळपास तीन. अमेरिकेत आइल रॉयल बेटावर तर २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले होते, बाप आणि मुलगी. शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून एकोणीस लांडगे आणून सोडावे लागले.

वहीत नियम झाला: 'रक्ताची जोडी असेल तर फाशातून तीन वजा.' पुतण्यानं त्याखाली लिहिलं, 'रेडा बदला.' त्यामुळे आणखी एक गोष्ट आपोआप सुटली. जोडीदार हवा तर तरुण लांडग्याला घर सोडून दूर जावं लागणार. खऱ्या लांडग्यांतही बहुतेक जण एक ते तीन वर्षांचे होईतो तेच करतात.

"आणि कुत्र्याशी जोडी चालेल?" भाचीनं विचारलं. दारातल्या तपकिरी कुत्र्याला तिला खेळात घ्यायचं होतं.

चालते, हीच तर पंचाईत आहे. पुण्याजवळच्या माळरानावर वेगळ्याच, तांबूस रंगाचे लांडग्यासारखे प्राणी लोकांना दिसले. जनुकांची तपासणी झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. अशा पिल्लांची पुढे पिल्लं होऊ शकतात. देशात भारतीय लांडगे उरलेत तीन हजारांच्या आसपास, आणि गावोगावी भटकी कुत्री किती ते आपण रोज बघतो. शिवाय कुत्र्यांचे रोग वेगळे. हे ऐकून भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तो खेळात नको. तो दारातच बरा." हा नियम तिनं स्वतः लिहिला.

आता राहिला तो आत्याचा प्रश्न. खरं म्हणजे तो पहिला होता, मी शेवटी घेतला.

कळप म्हणजे कुटुंब असेल तर ओमेगा म्हणजे कोण? मोठी बहीण, मोठा भाऊ. त्यांना स्वतःची पिल्लं नसतात, पण ती रिकामी नसतात. आई शिकारीला गेली की बिळाशी राखण करतात. खाऊन आलं की पिल्लं तोंडाशी झोंबतात आणि ही मोठी भावंडं पोटातलं ओकून त्यांना भरवतात. आणि माझ्या वहीत त्यांच्यासाठी एकच शब्द होता. पास.

हे मी मुद्दाम केलं नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं. ज्या फील्डचा विचार करायचा कंटाळा येतो तिथे आपण शून्य टाकून पुढे जातो. मी ज्या घरात बसून ते शून्य टाकलं, त्या घरात माझ्या शाळेच्या डब्यापासून इंजिनीअरिंगच्या पहिल्या फीपर्यंत सगळं आत्यानं बघितलंय.

नवा नियम: पिल्लू वर्षाचं झालं की गुण कळपातल्या सगळ्यांना, सारखे. आणि मोठ्या भावंडाला दरमहा दोनपैकी एक काम. एकतर शिकार, नाहीतर राखण. राखणीचा एक महिना म्हणजे एक चिंचोका जमा.

"चिंचोक्याचं काय करायचं?" आत्यानं विचारलं.

"कळेल."

कारण पुतण्यानं संकटांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या आणि त्यातली एक होती 'धूर'. बिळाच्या तोंडाशी धूर करून पिल्लं मारणं ही काही त्याची कल्पना नव्हे, माणसांनी हे खरंच केलंय. इंग्रजी अमदानीत लांडगा मारायला सरकारी बक्षीस असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांवर लांडगे बक्षिसापोटी मारले गेले. आज लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघासारखाच. पण ज्याची मेंढरं गेली त्याला परिशिष्ट दिसत नाही, आणि त्याचंही सगळं चुकतं असं नाही. लांडगीकडे यावर एकच उपाय, पिल्लं दुसरीकडे हलवणं. नान्नजच्या परिसरात हे बीळ बदलणं अभ्यासकांनी नोंदवलंय. तोंडात धरून न्यायचं, एका वेळी एक. म्हणून आमचा नियम: धूर आला तर बिळाशी असलेल्या प्रत्येक मोठ्यानं एक पिल्लू न्यायचं, आणि शिल्लक चिंचोक्यांमागे आणखी एकेक.

भाऊबीजेच्या दुपारी आवृत्ती २.० चा डाव बसला. भाचीनं दोन फासे टाकले. पाच आणि दोन. पाच पिल्लं! तिनं पाचांना नावं ठेवली, मी ठेवू नकोस म्हणत असताना. पुतण्याचा आणि माझा लांडगा शिकारीला. आत्या दर पाळीला म्हणायची, "मी राखण." पहिला महिना राखण, दुसरा महिना राखण. पुतण्या वैतागला. "आत्याआजी, तू काहीच खेळत नाहीयेस."

"खेळतेय की," ती म्हणाली आणि चिंचोका बाजूला ठेवला.

तिसऱ्या महिन्यात धूर आला.

आम्ही दोघं शिकारीवर, दूर. आईनं एक पिल्लू उचललं. आत्यानं एक, आणि दोन चिंचोक्यांची दोन. चार गेली नव्या बिळात. एक राहिलं.

भाची रडली. खोटं नाही, खरंखुरं, हुंदके देऊन. "मामा, परत टाक ना चिठ्ठी." आणि माझा हात चिठ्ठ्यांकडे गेलासुद्धा. सहावीतली पोर, दिवाळीचा दिवस, कागदावरचं पिल्लू, कुणाचं काय बिघडणार होतं? पुतण्या म्हणाला, "नियम म्हणजे नियम." ताई आतून माझ्याकडे बघत होती, म्हणजे हे तूच निस्तर.

आत्यानं चारही गोट्या (पिल्लं म्हणजे गोट्या) भाचीच्या समोर सरकवल्या. म्हणाली, "एक गेलं. वाईट झालं. आता ही चार भुकेली आहेत, त्यांचं बघ. पाळी कुणाची?"

पाळी आत्याचीच होती. ती म्हणाली, "आता राखण नको, शिकार." फासा टाकला, सहा पडले. संध्याकाळपर्यंत चारही पिल्लं वर्षाची झाली आणि सगळ्यांना चाळीस-चाळीस गुण मिळाले.

नंतर आवराआवर करताना भाची म्हणाली, "मामा, मोठी झाली की सगळी घर सोडून जातात म्हणालास ना? आत्याआजी तर कधीच गेली नाही."

मला काही सुचेना. आत्या म्हणाली, "गेले असते तर तुझ्या या मामाला आंघोळ कोण घालणार होतं? साबण बघितला की पळायचा हा."

असो. मी पुण्याला परत आलो, वही पंढरपूरलाच राहिली. येताना बघितलं तर वेताच्या पानाखाली आत्याच्या शाळामास्तरणीच्या अक्षरात एक नियम वाढला होता: 'जो बिळाशी बसला आहे त्याला काही काम नाही, असे कुणी म्हणू नये.' त्याला क्रमांकही तिनंच दिलाय. एक. बाकीचे सगळे खोडून एकेकानं पुढे ढकललेत.

थंडीत जमलं तर सगळ्यांना घेऊन नान्नजला जाऊन यायचा विचार आहे. लांडगा दिसेलच असं नाही. त्यांच्या बिळांजवळ तर जायचंच नाही, दिवस पिल्लांचे असतात. आत्या म्हणाली, "मी गाडीतच बसेन." भाची लगेच म्हणाली, "म्हणजे राखण."